सतरंजीखालचा डबा

ही गोष्ट मी कोणाकडून ऐकलेली नाही. माझ्या या उजव्या हातानं अनुभवली आहे. ज्याला पटणार नाही त्याने सोडून द्यावी, मी वाद घालणार नाही.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे.

१९८८ चा जानेवारी, रविवार. भिलाई. तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो. एका शाळेच्या मागचं मैदान आणि त्यात एक मोठा कडुलिंब.

मी शेषराव. भिलाई-३ च्या रेल्वे यार्डात पॉइंट्समन होतो, गाड्यांचे रूळ बदलणारा. त्या शाळेत मी शिकलो नाही. माझी बायको वसुंधरा शिकली.

तिच्या अकरावीच्या वर्गाची एक पद्धत होती. सकाळी येताना सगळ्यांनी आपले डबे कोपऱ्यातल्या सतरंजीखाली सरकवायचे. मधल्या सुट्टीत एकेकाने न बघता हात घालायचा. हाताला लागेल तो डबा आपला. कॅम्प-१ वस्तीतली काही पोरं डबा आणत नसत, कारण घरी काही नसायचं. ती कोण, हे कोणाला कळू नये म्हणून त्यांच्या सरांनी ही युक्ती काढली होती. ज्याच्या हाताला काही लागलं नाही, त्याने शेजाऱ्याच्या डब्यात जेवायचं.

शाळा सुटली, पण पद्धत सुटली नाही.

दर जानेवारीत एका रविवारी सगळे त्याच मैदानात जमायचे. देवानंद वर्गाचा मॉनिटर होता. पोट सुटलं, टक्कल पडलं, तरी मॉनिटरच. ताटलीवर चमचा वाजवून घंटा द्यायचा. कोणी उशिरा आलं की कान धरून उभं करायचा, मग तो माणूस बँकेत साहेब का असेना.

आम्ही नवरे आणि बायका बाजूच्या झाडाखाली बसायचो. आम्हाला ते 'बाहेरचे' म्हणत. हसत म्हणत. पण सतरंजीखाली आम्ही हात घालायचा नाही, हे पक्कं होतं.

त्या वर्गातली पहिली गेली रत्नमाला. काविळीनं.

पुढच्या जानेवारीत ओमप्रकाशच्या हाताला एक डबा लागला. ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी. कोणीच म्हणेना की माझा आहे.

रत्नमाला दरवर्षी तेच आणायची.

ओमप्रकाश हसला आणि त्याने तो डबा खाल्ला. होळीच्या आधी तो झोपेतच गेला.

त्याच्या पुढच्या जानेवारीत... वसुंधराच्या हाताला सत्तूचे पराठे लागले.

सत्तूचे पराठे फक्त ओमप्रकाश आणायचा.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर ती चूल न पेटवता बसून राहिली.

"कोणी मजाक केली असन," मी म्हटलं.

"मजाक नाही, अवो. डबा गरम होता. इतक्या थंडीत सकाळपासून पडलेला डबा गरम कसा राहीन?"

"मंग खाल्ला कावून?"

"हाताला लागलेलं टाकायचं नाही, असं आहे आमच्यात." मग ती हसली. "आन् भूक लागली होती मले."

पावसाळ्यात तिला ताप आला आणि तो डोक्यात गेला. दवाखान्यातून मी तिच्या चपला पिशवीत घालून घरी आणल्या.

आम्हाला मूलबाळ नव्हतं. घरात आता बोलायला कोणी नव्हतं. ड्युटीवरून यायचो, ओट्याकडे बघायचो आणि तसाच झोपायचो.

एकच गोष्ट डोक्यात होती. जानेवारी येईल. सतरंजी पसरली जाईल. आणि या वेळी सतरंजीखाली तिचा डबा असेल.

तो मला पाहिजे होता. खाऊन पुढं काय होतं ते मला माहीत होतं. म्हणूनच पाहिजे होता.

१९८८ च्या त्या रविवारी निघण्याआधी मी तिचा स्टीलचा डबा पाहिला. झाकणावर तिचं नाव कोरलेलं होतं. रिकामाच होता. तो पेटीत ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली.

मैदानात पोचलो तर कोणी हसत नव्हतं. डबे सतरंजीखाली गेलेले होते, पण जवळ कोणी बसलं नव्हतं. देवानंदच्या हातात ताटली होती. घंटा मात्र देत नव्हता.

"या वर्षी नोको," विजया म्हणाली. ती वसुंधराची जिवाची मैत्रीण. "ज्याचा त्यानं डबा उचला आन् घरी जा."

"उचलायलाही हात घालावाच लागते ना," देवानंद म्हणाला. "तू घाल."

विजयाने हात पदरात लपवले.

मी पुढं गेलो.

"मी घालतो."

"शेषरावभाऊ, तुम्ही बाहेरचे. तुमाले नाही चालत."

"तुमच्यातल्या कोणाले घालायचा आहे का? सांगा. मी मागं होतो."

जे पुढं होते तेही मागं सरकले.

"भैया, रहने दो," हिरालाल म्हणाला. तो त्यांच्यातला सगळ्यात मस्करीखोर, पण तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं. "भाभी को अच्छा नहीं लगेगा."

"तिले काय वाटते ते मी पाहीन. मले एकदा हात घालू द्या, देवानंदभाऊ. पाया पडतो तुमच्या."

आणि मी खरंच वाकलो. चाळीशीचा माणूस, सगळ्यांसमोर. देवानंदने मला धरलं. मग तोंड फिरवून ताटलीवर एकदा चमचा वाजवला.

मी गुडघ्यावर बसलो आणि हात आत घातला.

थंड डबा. बाजूला सरकवला.

दुसराही थंड. थंडीनं स्टील बोटांना झोंबत होतं.

हात कोपरापर्यंत आत गेला. सतरंजी एवढी मोठी नव्हती. माझा हात पलीकडून बाहेर दिसायला पाहिजे होता... दिसत नव्हता.

मग बोटांना ऊब लागली.

मी तो डबा धरला. आणि तेव्हाच...

माझ्या हातावर चापट बसली.

जोरात नाही. नैवेद्य दाखवायच्या आधी मी पुरणाला हात लावला की वसुंधरा मारायची, तशी. आत बांगड्या वाजल्या. आवाज मी ऐकला. विजयानेही ऐकला, कारण ती तिथंच खाली बसली.

मी डबा सोडला नाही.

एक थंड हात माझ्या हातावर आला आणि माझं एकेक बोट डब्यावरून सोडवू लागला. घाईनं नाही. रागानंही नाही. मी म्हटलं, "वसू, असं नको करू. मले नाही जमत आता."

हात थांबला.

मी डबा ओढून बाहेर काढला.

झाकणावर तिचं नाव होतं.

"भाऊजी, टाका तो," विजया रडत म्हणाली. "तिची शप्पथ आहे तुमाले."

मी झाकण उघडलं. वाफ आली. आत पाटवड्या होत्या, वरून खोबरं आणि सांबार. ती कोथिंबिरीला सांबारच म्हणायची.

मी सगळ्या खाल्ल्या. कोणाला हात लावू दिला नाही. हिरालाल माझ्याकडून डबा ओढायला लागला, तर मी त्याला ढकलून दिलं. चव तिच्याच हाताची होती. मीठ जरा जास्त. शेवटचा कण बोटानं पुसून खाल्ला.

घरी येऊन पेटीचं कुलूप उघडलं. पेटी रिकामी होती.

मग मी वाट बघत बसलो.

होळी गेली. पावसाळा आला, मी मुद्दाम भिजत ड्युटी केली. ताप आला आणि उतरला. दिवाळी गेली. रात्री रुळांवरून चालताना मी मागून येणाऱ्या इंजिनाकडे वळून बघत नसे. तरी दर वेळी कोणीतरी ओरडायचं, कोणीतरी ओढायचं.

मी मेलो नाही.

त्या वर्गातलं दुसरंही कोणी त्यानंतर गेलं नाही. किती वर्षं झाली. विजयाच्या नातवाचं बारसं झालं. देवानंद रिटायर झाला. ते सगळे मला मानतात. म्हणतात, शेषरावभाऊंनी आमच्यावरचं आपल्यावर घेतलं. मी कोणावरचं काही घेतलं नव्हतं. मला फक्त जायचं होतं.

एक गोष्ट मला अजून कळलेली नाही. तो हात मला वाचवत होता, की मला तिथं यायची मनाई होती?

ज्या वर्गात ती गेली, तिथं मी बाहेरचाच असेन का?

आता ते मला त्यांच्यातलाच धरतात. दर जानेवारीत देवानंद घंटा देतो आणि पहिला मान मला देतो. मी गुडघ्यावर बसतो आणि हात खूप आतपर्यंत घालतो. सगळे डबे थंड असतात. मी एकेक चाचपतो, मुद्दाम वेळ लावतो. मागचे लोक शांत उभे राहतात, कोणी घाई करत नाही.

आतून माझ्या हातावर चापट बसत नाही.