हानेबाशीची स्वच्छ छत्री

"आज नदीवर! डबे घ्या, बादली घ्या, आणि गेन्ता, तू तोंड बंद ठेव!" चिनात्सुनं फर्मान सोडलं.

"तोंड बंद ठेवलं तर डबा खाऊ कसा?" गेन्ता म्हणाला.

सुट्टीतली सकाळची कवायत उरकून, गळ्यात हजेरीची कार्डं लटकवून ही दोघं आणि चिनात्सुची धाकटी बहीण मियो हानेबाशी स्टेशनाखालून चालली होती. काय दिवस होते ते! वर पुलावर रूळ, खाली एक जिना, दोन फाटकं आणि बाकावर वारा खात बसलेले आजोबा. एवढंसं स्टेशन, पण ओसाकातल्या आमच्या आळीच्या पोरांची सगळी सुट्टी तिथेच जायची.

जिन्यावरच्या तुळईला पाकोळ्यांचं घरटं होतं. दर उन्हाळ्यात स्टेशनमास्तर हिरागा कुणाची तरी विसरलेली छत्री त्याखाली उलटी टांगायचे, म्हणजे प्रवाशांच्या डोक्यावर 'प्रसाद' पडत नसे!

"ताई, छत्री स्वच्छ आहे," मियो म्हणाली.

"धुतली असेल."

"हिरागाकाका रात्री धुतात. पण सकाळपर्यंत पिल्लं परत घाण करतात ना!"

चिनात्सु थबकली. रंगकामासाठी काल संध्याकाळी तुळईभोवती जाळी लावली होती. बाहेर दोन पाकोळ्या चोचीत किडे धरून नुसत्या घिरट्या घालत होत्या.

"अगं बाई! आईबापांना आत जाताच येत नाहीये! पिल्लं उपाशी आहेत!"

तिघंही धावत रंगाऱ्यांचे मुकादम इसोगाई यांच्याकडे गेली.

"रिकामं आहे ते घरटं. मी बघितलंय," ते म्हणाले. "आता खरवडून काढणार. चला, पळा!"

"बघितलंय म्हणे! मान तरी वर केली का?" गेन्ता पुटपुटला.

मियोच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, मरतील गं ती!"

हिरागाकाका वर फलाटावर गाडी सोडत होते. इथे रंगारी रांगेत उभे राहिलेसुद्धा. काम सुरू करण्याआधी मुकादमानं एकेका वस्तूकडे बोट दाखवून पुकारा करायचा आणि बाकीच्यांनी तिकडे बघून तोच पुकारा करायचा, ही तिथली रीत.

"शिडी, ठीक!"

"शिडी, ठीक!"

"पट्टे, ठीक!"

"पट्टे, ठीक!"

गेन्ता गुपचूप रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिला. बोट वर रोखून तो बोंबलला, "घरटं, रिकामं!"

सवयच ती! सगळी बोटं वर, सगळ्या माना वर. मुकादमांचीसुद्धा!

"घरटं, रिका..."

त्या गलक्यानं चार पिवळ्या चोची आ वासून वर आल्या होत्या. एक रंगारी फिसकन हसला.

"अरे, बघता काय? काढा ती जाळी!" लालबुंद झालेले इसोगाई ओरडले.

जाळी सुटायचा अवकाश, पाकोळी सुर्रकन आत! मियो टाळ्या पिटत नाचू लागली. जिना उतरून आलेल्या हिरागाकाकांनी सगळं ऐकलं आणि ते टोपी काढून पोरांपुढे चक्क वाकले.

"शाब्बास रे! पुकारा कसा करावा, ते तुमच्याकडून शिकावं."

"आणि मान कशी वर करावी, तेही," इसोगाई डोकं खाजवत म्हणाले.

त्या दिवशी नदीवर कुणी गेलंच नाही. आता ती पोरं मोठी झाली, कुठे कुठे पांगली. स्टेशनही निळं झालं. पण जिन्यावरच्या तुळईचा घरट्याभोवतीचा हातभर तुकडा अजून जुन्या हिरव्या रंगाचाच आहे. इसोगाईंनी तो रंगवला नाही, आणि नंतर आलेल्या कुणालाही रंगवू दिला नाही.