वाढव, पंकजा

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे आमच्या पंकजावहिनीच्या बाबतीत खरंच घडलंय. कुंभकोणमला, गेल्या कार्तिकात.

वहिनी पुण्याची. गिरिधरदादा मात्र पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेल्या तंजावरी मराठी घरातला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि दादा साध्या तापाने गेला.

त्या रात्री ती त्याच्या उशाशी लॅपटॉप घेऊन ऑफिसचं काम उरकत होती. तो डोळे मिटून पुटपुटला, "पंकजा, वाढव..."

खोलीत तेवढाच उजेड होता; त्याला अंधार वाटत असेल म्हणून तिने स्क्रीनचा उजेड वाढवला.

"वाढव गे..."

तिने पार टोकापर्यंत वाढवला. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. पहाटे हात लावून बघते तर अंग गार.

तेव्हापासून लॅपटॉपचा उजेड कमीच होईना. बटणं दाबा, सेटिंगमधली पट्टी ओढा... ढिम्म! महामहम तळ्याजवळच्या दुकानात ड्रायव्हर नवा टाकला, कीबोर्ड बदलला. दुकानात सगळं झकास. घरी आणला की पुन्हा तोच डोळे दिपवणारा उजेड.

आणि दिवेलागण झाली की...

भिंतीकडून आवाज यायचा. दमलेला.

"वाढव..."

वहिनी रडकुंडीला यायची. "अजून किती वाढवू रे? काय बघायचंय तुला?" नवऱ्याचं शेवटचं मागणं आपल्याला कळलंच नाही, हाच घोर तिला खात होता.

एका रात्री सासूबाई, विशालाक्षीअम्मा, देवघराकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पंकजा, तो दिवा वाढव गे."

वहिनीने वात पुढे सारली. ज्योत मोठी झाली.

"अय्यो! मोठा कर म्हटलें नाहीं! दिवा विझव म्हणूं नये, म्हणून वाढव म्हणतों. नारळ वाढवतात, बांगडी वाढवतात, तसा."

वहिनीला दादाचं 'वाढव' आठवलं.

बिचारा झोप मागत होता. आणि तिने रात्रभर त्याच्या डोळ्यांवर उजेड धरला होता.

ती खोलीत धावली. "चुकलं रे माझं," म्हणत तिने बटण दाबलं...

उजेड जरासा उतरला.

तिने बोट उचललं. तरी उतरतच राहिला... पार काळोख होईपर्यंत.

भिंतीकडून लांब सुस्कारा आला.

मग काहीच नाही.

लॅपटॉप आता ठणठणीत आहे. दादा सुटला म्हणायचं. पण वहिनी रोज दिवेलागणीला स्क्रीनचा उजेड टोकापर्यंत चढवते आणि भिंतीकडे कान लावून बसते. परवा मी स्वतः पाहिलं.

"वहिनी, झोपू दे की त्याला," मी म्हणालो.

तिने भिंतीवरची नजर काढली नाही.

"आता मला कळतं रे," ती म्हणाली. "एकदा म्हणू दे. लगेच वाढवीन."