व्हिसा लागत नाही

पासपोर्ट त्या कपाटावर ठेवा, नोंद चहा झाल्यावर करू. परक्या पाहुण्याची चिठ्ठी पोलीस चौकीत द्यावी लागते, नाहीतर माझ्या अतिथीगृहाला कुलूप. तुम्हाला आमच्या मोरोक्कोत व्हिसा लागत नाही. शिक्का बसला की नव्वद दिवस मोकळे. टप्‌ टप्‌ ऐकू येतंय तो परसातला नळ आहे, दोन वर्षं गळतोय. फक्त आज दुपारी दार वाजलं तर उघडू नका. का, ते सांगतो.

माझं नाव बूझियान. आमच्या गच्चीवरून खजुरीच्या बागांपलीकडे अल्जीरियातलं गाव दिसतं. तिथे माझी थोरली बहीण रहमा दिली आहे. अंतर चार किलोमीटर. तिच्या कोंबड्याचं आरवणं मला ऐकू येतं असं मी म्हणतो. माझी बायको यमिना म्हणते, तो आपलाच कोंबडा. तिकडे जायला आम्हाला व्हिसा लागत नाही. तिथेही नव्वद दिवस, अगदी मानाने! फक्त मधला नाका बंद आहे, कित्येक वर्षं. जेवायचं आमंत्रण आहे पण दाराला कुलूप, असला प्रकार. विमानाने वळसा घालायचा तर विमानतळापर्यंत आणि उतरल्यावर पुढे, मिळून दोन दिवस बसमध्ये बसायचं, आणि माझी कंबर त्याला कबूल नाही.

सव्वातीन महिन्यांपूर्वी रहमाचा फोन आला.

"भाऊ, एक डोळा गेलाच. डॉक्टर म्हणतो दुसराही उन्हाळ्यापर्यंतच. तुझं तोंड बघायचंय रे. कसा दिसतोस आता?"

"बापासारखा. टकलासकट."

ती हसली. मी फोन ठेवला आणि गच्चीवर जाऊन लहान पोरासारखा रडलो.

त्या वेळी आमच्याकडे आन्सेल्म नावाचा बेल्जियन म्हातारा उतरला होता. पांढरी टोपी, हातात काठी, कपड्यांना नेहमी ओल्या शाईचा वास. दुसऱ्या दिवशी त्याचे नव्वद दिवस भरत होते. मी आठवण केली. एरवी पर्यटक काय करतात, उत्तरेला जाऊन बोटीने एक दिवस बाहेर पडतात आणि नवे नव्वद दिवस घेऊन परततात. हा म्हणाला, "इथल्याच नाक्यावर जाऊन येतो."

"मिस्यू, नाका बंद आहे."

"म्हणून तर गर्दी नसते."

मला हसू आलं. आणि का कोण जाणे, हसता हसता मी माझा पासपोर्ट आणि खजुराची पिशवी त्याच्यासमोर ठेवली. बहिणीसाठी काढलेला पासपोर्ट. आत एकही शिक्का नव्हता.

"मलाही न्याल?"

"तुम्हाला कशाला त्रास?" तो हळूच म्हणाला. "पासपोर्ट द्या. माणसाची सोय... तिथे होते."

भर बाराला तो निघाला. वारा पडला होता. बागेत पाखरू बोलत नव्हतं. मी गच्चीवरून पाहत होतो. नाक्याची गंजलेली साखळी वाजली, एवढ्या लांबून, अगदी कानाशी वाजावी तशी. साखळीच्या अलीकडे तो एकटा होता. साखळी ओलांडली, तर पलीकडे दोघे चालत होते. दुसऱ्याचं टक्कल उन्हात चमकत होतं.

माझा हात आपोआप डोक्याकडे गेला. ते जागेवरच होतं.

संध्याकाळी आन्सेल्म एकटाच परतला, पासपोर्ट माझ्या हातात ठेवला, सामान उचललं आणि गेला. आत दोन ओले शिक्के होते. एक आमच्या देशातून बाहेर पडल्याचा, एक पलीकडे शिरल्याचा. परतल्याचा नव्हता. मी रहमाला फोन लावला.

"अगं, खजूर पोचले का?"

"कोण बोलतंय?"

"मी, बूझियान."

"चेष्टा करू नका हो. बूझियान तर आत झोपलाय... तीन पेले चहा पिऊन." आणि तिने फोन ठेवला.

यमिनाला सगळं सांगितलं. आधी ती पांढरीफटक पडली. पण आठवड्याने तिकडची खबर आली की भाऊ बहिणीचं छप्पर दुरुस्त करतोय, तेव्हा मला म्हणाली, "तिकडचा बराच कामाचा दिसतो. इथे नळाला हात लावायला मुहूर्त लागतो."

मग चौकीत गेलो. तिथले कारकून लखदार यांनी पासपोर्ट तीनदा उलटापालटा करून पाहिला.

"बूझियान, कागदाप्रमाणे तू देशात नाहीस."

"मग तुमच्यासमोर कोण बसलंय?"

"घरमालक तिकडे गेलाय. म्हणजे तू पाहुणा. चिठ्ठी भर. व्हिसा नको, नव्वद दिवस राहा."

"आणि त्यानंतर?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "त्यानंतर... मला विचारू नकोस बाबा."

हसा, मीही हसलो होतो. माझ्याच घरात, माझ्याच हाताने मी स्वतःची नोंद केली, खोली क्रमांक दोन. ते नव्वद दिवस आज भरतात.

सकाळी रहमाचा फोन आला, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच; या वेळी तिने माझा आवाज ओळखला. आवाज जड होता, पण समाधानी. दुसरा डोळा गेल्या आठवड्यात गेला. म्हणाली, "जाऊ दे. भावाला पोटभर पाहून घेतलं." मला खरंच बरं वाटलं. पण तिने पाहिला तो मी नव्हतो.

मग ती म्हणाली, "आत्ताच निघालास तू... म्हणजे तो. घाईत होता. म्हणाला, घरी एक पाहुणा आहे, त्याचे दिवस भरले, त्याला वाटेला लावायचंय."

बारा वाजत आले. पुढच्या दाराला आतून दोन कड्या घातल्या आहेत. यमिनाने सकाळीच पान्हा आणि नवा वॉशर काढून ठेवलाय. कशाला म्हणून विचारलं, तर परसात निघून गेली.

चहा घ्या ना, निवतोय...

थांबा. तो नळ कधी थांबला?