नोहेआ आडवी पडली नाही

दिवा बारीक करा. आणि शिट्टी बंद कर रे, रात्री शिट्टी वाजवत नाहीत. ऐका आता. नोहेआ म्हणजे माझ्या चुलतभावाची, केओलाची मुलगी. खोटं सांगत असेन तर उद्या माझ्या जाळ्यात एक मासा यायचा नाही.

गेल्या वर्षीची काने देवाची रात्र, आपले मेलेले पूर्वज रांगेने समुद्राकडे उतरतात ती. चंद्राची शेवटची कोर अजून उगवायची होती. केओला तापाने फणफणलेला. माशांना चारा घालायचे दिवस होते. एक दिवस चुकला की मासे जागा सोडतात. म्हणून नोहेआने चाऱ्याचा भोपळा शिजवला, बादली उचलली आणि अंधारातच किनाऱ्याकडे निघाली.

"आज कशाला मरायला जातेस? आजची रात्र त्यांची आहे," केओला म्हणाला.

"वाटही त्यांचीच होती, बाबा. तिला कुलूप लागलंय, त्याचं काय?"

खरंच होतं ते. टेकडीवरच्या बंगल्याच्या नव्या मालकाने समुद्राकडच्या जुन्या वाटेवर सिमेंट ओतून मध्येच फाटक ठोकलं होतं. गावाने महिनाभर विनवण्या केल्या. तो ढिम्म. होड्या पलीकडे, माणसं अलीकडे. गावाने खायचं काय? नोहेआ रोज बादलीसकट फाटकावर चढून पलीकडे उतरायची.

त्या रात्री तिने फाटकाला हात लावला, आणि मागे ढोल वाजला.

डोंगरावरून मशाली उतरत होत्या. रांगच्या रांग.

"मग ती पालथी पडली ना, काका? डोळे मिटून?"

नाही पडली. आपल्यात शेंबडं पोरही पडेल; त्यांच्याकडे बघेल त्याला ते सोबत घेऊन जातात. ती वळली. फाटकाला पाठ लावली.

"मी केओलाची नोहेआ!" ती ओरडली. "महिनाभर त्या उपऱ्यापुढे नाक घासलं. आता तुमच्यापुढेही घासू? तुमच्या वाटेला कुलूप लागतं आणि तुम्ही नुसते ढोल बडवता? न्यायचं तर न्या मला. पण आधी हे बघा!"

ढोल थांबला.

मशाली जवळ आल्या. अगदी जवळ...

तिने डोळे मिटले नाहीत.

मग रांगेतून एक म्हातारा आवाज आला. थकलेला.

"माझी आहे ती."

बस. एवढंच. रांगेतल्या कुणी आपलं म्हटलं की बाकीचे त्या माणसाला नेत नाहीत.

उजाडलं तेव्हा नोहेआ तिथेच उभी होती. कुलूप जसंच्या तसं. पण महिन्यापूर्वी वाळलेल्या सिमेंटमध्ये अनवाणी पावलं रुतली होती, फाटकाच्या दोन्ही बाजूंना, शेकड्यांनी. सगळी समुद्राकडे. मालकाने दुपारी स्वतःच्या हाताने फाटक उपटलं.

नोहेआ उभी होती तिथे ती रांग दुभंगून दोन्ही अंगांनी गेलीय. फक्त एक जोडी तिच्या समोरच थांबलीय. ती पावलं पुढे समुद्राकडे गेलीच नाहीत... नोहेआकडे बोटं करून तिथेच आहेत.