नडगीवरची निळी रेघ

तिघं निघाले होते एका मेंढीसाठी. फक्त एका!

सप्टेंबरात सगळ्या गावानं डोंगरमाथ्यावरचा कळप खाली आणला. कानांवरच्या खुणा बघून वाटण्या झाल्या आणि जो तो आपापली मेंढरं घेऊन घरी गेला. हेत्ता मात्र आली नाही. अंगानं काळी, डोक्यावर पांढरं टोपडं, वादळाचा वास दोन तास आधी घेणारी म्होरकी मेंढी. तिच्या कानावरची खूण ब्रागीची होती. ब्रागी फेब्रुवारीत बोटीवरून समुद्रात पडला तो पडलाच, प्रेतसुद्धा हाती लागलं नाही. त्याच्या खुणेचं जिवंत असं जगात आता एवढंच उरलं होतं.

म्हणून ऑक्टोबर सरताना त्याचा बाप थोरग्रिमूर, बहीण साल्वोर आणि शेजारचा ओद्दूर असे तिघं घोड्यांवर बसून वर चढले. हिमनदीतून वाहत येणारी नदी लागली, गढूळ पाणी घोड्यांच्या छातीइतकं होतं, ते ओलांडलं. काळ्या वाळूचं पठार तुडवलं. पहिल्याच दिवशी बर्फाखाली दडलेल्या गंजक्या तारेनं थोरग्रिमूरची नडगी फाडली. त्यानं मोजा वर ओढला आणि घोडा पुढे हाकला. आमच्या बेटावर दुखणं सांगणं म्हणजे जणू चोरीच! ‘होईल नीट’ म्हणायचं आणि चालत राहायचं. या दोन शब्दांनी आमची किती माणसं खाल्ली, त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी डोंगरावरच्या मुक्कामाच्या झोपडीत त्याचा बूट पायात जाईना. साल्वोरनं मोजा खाली ओढला. जखमेवर पिवळी खपली धरली होती. तिच्यावर मलमाचा जाड लपका आणि लपक्यात लोकर चिकटलेली. भोवतीची कातडी लाल, ताणलेली, तव्यासारखी गरम.

ओद्दूर वाकून म्हणाला, “थोरग्रिमूर, नाताळसाठी धुरीवर टांगायचं मटण आत्ताच पायाला टांगलंस की काय?”

साल्वोरनं त्याला कोपरानं बाजूला सारलं.

“काय लावलंस, बाबा?”

थोरग्रिमूरनं खिशातून ट्यूब काढली. साल्वोरनं ती लांबूनच ओळखली. वर औषधाच्या दुकानानं डकवलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर ब्रागीचं नाव. दोन वर्षांपूर्वी त्याच्या हनुवटीवर पुटकुळ्या उठल्या होत्या तेव्हाची. डॉक्टरनं सात दिवस सांगितले होते. पठ्ठ्यानं तीन दिवस लावली, पुटकुळ्या सुकल्या आणि ट्यूब कपाटात गेली. ट्यूबच्या पोटात एक खळगा होता. ब्रागी कुठलीही ट्यूब मधोमध दाबायचा आणि बाप त्यावरून वीस वर्षं त्याला शिव्या घालायचा. शेवटापासून दाब, गाढवा!

आता बापाचा अंगठा त्याच खळग्यात नेमका बसत होता.

साल्वोर वृद्धाश्रमात रोज म्हाताऱ्यांच्या जखमा धुवायची. एकाचं मलम दुसऱ्याला लावायचं नाही, उघडलेली जुनी ट्यूब ठेवायची नाही, हे तिला तोंडपाठ होतं. तरी वसंतात तिनं ती ट्यूब तीनदा टाकायला उचलली आणि तीनदा परत ठेवली. का ठेवली? कारण ती गाढव होती. ती गाढव होती, आणि तो तिचा भाऊ होता!

तिनं साबणानं हात धुतले, कोमट पाण्यानं जखम साफ केली, लाली वाढते का ते कळावं म्हणून लाल भागाच्या कडेनं निळ्या पेनानं रेघ ओढली आणि शेजारी वेळ लिहिली: आठ. मग वायरलेसवर गाठलेल्या डॉक्टरीणबाईंनी फार प्रश्न विचारले नाहीत. ताप आहे का? आहे, थंडी वाजतेय. मलम वरवरच्या, छोट्या जखमेसाठी असतं, त्या म्हणाल्या. लाली जखमेबाहेर पसरलीय आणि ताप आहे म्हणजे आता ते मलमाचं काम नाही, शिरेतून औषध द्यावं लागेल. या धुक्यात हेलिकॉप्टर उडणार नव्हतं. रुग्णवाहिका नदीपलीकडे, रस्ता संपतो तिथे थांबणार होती.

निघाले. बर्फ आडवा येऊन डोळ्यांत टोचत होता. दहा वाजता दरीच्या काठावर धुकं क्षणभर फाटलं आणि ओद्दूरचा घोडा थबकला.

पलीकडच्या कड्यावर हेत्ता उभी होती!

ती मान उंचावून त्यांच्याकडेच बघत होती. खाली उतरून, वळसा घालून तिला आणायचं तर दोन तास. थोरग्रिमूर दात वाजत असतानाच खोगिरावरून उतरू लागला. ओद्दूर हळूच म्हणाला, मी एकटा जातो, तुम्ही पुढे व्हा. पण पुढे नदी होती, आणि तापानं डुलणाऱ्या माणसाला पार न्यायला दोन्ही बाजूंनी माणूस हवा होता.

साल्वोरनं बापाची विजार वर केली. लाली निळी रेघ ओलांडून तीन बोटं वर गेली होती.

“तिला सोडायचं.”

“तुझ्या भावाची आहे ती.”

“भाऊ मेला, बाबा. मला आणखी एक मेलेला नको.”

थोरग्रिमूरनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनंच ब्रागीला समुद्रात ढकललं होतं. मग तो बर्फातच खाली बसला. दोघांनी त्याला उचलून घोड्यावर घातलं. मागून हेत्ता ओरडली, एकदाच. साल्वोरनं मागे पाहिलं नाही.

नदी चढली होती. घोडे शिरले. पाणी खोगिराला लागलं. थोरग्रिमूर झुकला! ओद्दूरनं कॉलर धरली, साल्वोरनं पट्टा. घोड्याचा पाय निसटला. पुन्हा रोवला गेला. काठ! पलीकडे रुग्णवाहिकेचे दिवे धुक्यात पिवळे लुकलुकत होते.

पाय वाचला. नऊ दिवसांनी इस्पितळातून घरी जाताना बापलेक औषधाच्या दुकानात थांबले. तिथे जुनी औषधं टाकायची पेटी असते. आधी नावाची चिठ्ठी काढा, काउंटरवरची मुलगी म्हणाली. थोरग्रिमूरनं नखानं चिठ्ठी सोलली आणि ती कुठे ठेवली, ते साल्वोरनं विचारलं नाही. खळग्यावरून एकदा अंगठा फिरवून त्यानं ट्यूब पेटीत सोडली.

नडगीवर वरवरची छोटीशी जखम उरली होती. तिच्यासाठी डॉक्टरीणबाईंनी नवं मलम दिलं होतं, त्याच्या नावाचं: दिवसातून तीनदा, पातळ थर, पूर्ण सात दिवस. तोवर डोंगरवाटा बर्फानं बंद झाल्या होत्या. हेत्ता आली नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यानं खिडकीबाहेरच्या पांढऱ्या डोंगराकडे बराच वेळ पाहिलं, साबणानं हात धुतले, पुसले. मग नवी कोरी ट्यूब उघडली आणि मधोमध दाबली.