रायनाकाची हजेरी

"भूत नसतं म्हनून कुनाला शिकवताय, सर? माझ्या बापानं छप्पन साली घरातले देव नदीत सोडले! मला शिकवू नका. मी भूत म्हनालोच न्हाई. मी हजेरी म्हनालो, हजेरी!"

रामदास चालत्या गाडीत एकटाच भांडत व्हता. वासुदेव सर समोर नव्हतेच. समोर व्हती एक जर्मन म्हातारी, ती पिशवी उचलून गुमान दुसऱ्या डब्यात गेली. सरांनी फोन कवाच ठेवला व्हता. "हे बघा, रामदासजी, हिवाळ्यात इथं डिप्रेशन येतं माणसाला. आपण बौद्ध आहोत. असलं काही डोक्यात घेऊ नका." एवढं बोलून ठेवला. म्हनून रामदास आता त्यांच्या दारात जायला निघाला व्हता. सुनेनं तळहातावर पेनानं पत्ता लिवून दिला व्हता, अन् त्यो घामानं पुसला जाऊ नये म्हनून त्यानं हात उघडा धरला व्हता.

तिकडं दवाखान्यात त्याचा एकुलता एक पोरगा, जीवन, गार पडत चालला व्हता.

झालं काय, ते नीट ऐका.

रामदास खटाव तालुक्यातला गडी. लेक बर्लिनमधी बॅटऱ्यांचं संशोधन करतो, म्हनून बाप तीन महिने ऱ्हायला आला. वासुदेव सर तिथल्या आपल्या लोकांचे पुढारी. त्यांनी ठरवलं, पयल्या महायुद्धात इंग्रजांच्या पलटणीतनं आलेली आन् इथं कैदेत मेलेली आपली मानसं बर्लिनपासनं तासाभरावर जंगलात पुरलीत, त्यांना मानवंदना द्यायची. रामदास तर नाचायलाच लागला. त्याचा आजा रायनाक त्यातच व्हता. पलटणीची खेचरं हाकायला गेलेला. बंदूक न्हाई दिली हातात, लगाम दिला. फ्रान्समधी खेचरासकट धरला गेला, इथल्या छावणीत खोकून खोकून मेला. आजी मरंस्तोवर म्हनायची, "त्यास्नी सुट्टी मिळाली की येतील."

आयतवारी समदे गेले. चिवडा, चकल्या, थर्मासात चहा. सुरूवानी उंच झाडं, पांढरे दगड, खाली भिजलेला पाला. वंदना झाली, मेनबत्त्या लावल्या. मग सर म्हनाले, "पलटणीत जशी घेतात तशी आपण यांची हजेरी घेऊ." अन् एकेका दगडावरचं नाव मोठ्यांदा पुकारत निघाले. पुकारायचं, थांबायचं, पुढं जायचं. कोन पंजाबचा, कोन गढवालचा. पुकारल्यावर जी शांतता पडायची ना, ती रामदासला बरी वाटली न्हाई. कुनीतरी श्वास घेऊन बोलता बोलता ऱ्हातंय, असली शांतता.

"रायनाक!"

रामदासचं डोळं भरून आलं. ते जीवननं बघितलं. बापासाठी म्हना, मायेनं म्हना, पोरगं टाचा जुळवून उभं ऱ्हायलं अन् खणखणीत बोललं, "हजर, साब!"

रामदासनं छाती फुगवून त्याच्या पाठीवर थाप मारली. आमच्याकडं रोजगार हमीवर एकाची हजेरी दुसरा देतोच की. त्यात काय वाईट?

तेवढ्यात गारा पडायला लागल्या. शेवटची बस चुकंल म्हनून समदी पळाली. सर सगळ्यांच्या म्होरं.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना, म्हंजे तिकडं साडेचारालाच अंधार पडतो, सुनेचा, कीर्तीचा फोन आला. "अहो आबा, जीवन घरी आलाय का? इन्स्टिट्यूटमधून तीनलाच निघाला म्हणे. फोन उचलत नाहीये." रातच्याला आला त्यो. बुटाला चिखल, चेहरा पिठावानी. कुठं व्हतास इचारलं तर नुस्ता खोकला.

तिसऱ्या दिवशी रामदास त्याच्या मागं मागं गेला. गाडी, मग बस, मग जंगलातली पायवाट. पोरानं एकदा बी वळून बघितलं न्हाई. त्या दगडांपाशी गेला अन् ताठ उभा ऱ्हायला. उजवी मूठ कमरेजवळ वळलेली, दोर धरल्यागत.

आधी वास आला. भिजल्या जनावराचा, खोगिराच्या कातड्याचा, लिदीचा. मग फुरफुर... अगदी कानाशी. रामदासनं वळून बघितलं. झाडंच झाडं.

"जीवन," त्यो हळू बोलला. "चल घरी, पोरा."

"सुट्टी न्हाई गावली अजून."

जीवन पुन्यात शिकलेला, 'गावली' कधी त्याच्या तोंडात न्हाई. आवाज बी घोगरा, म्हाताऱ्या माणसागत दमलेला.

"कोन... कोन हायस तू?"

"जनावरं तहानली हायती. कुनी सोडलंच न्हाई आमास्नी."

रामदास तापट गडी, भीती वाटली की त्यो वरडतोच. "सोडलं!" त्यो बोंबलला. "जा! सुट्टी हाय! मी सांगतो, मी नातू तुमचा, जावा!"

पोरगं हसलं. लई वाईट हसलं.

"तुझा हुकूम चालत न्हाई, बाळा. ज्यानं पुकारलं त्यानं सोडायचं... त्यो तर पळाला."

रामदासनं पोराला मिठी घालून वढलं. पोरगं हलंना. वढलं की त्याची मूठ दुसऱ्या अंगाला ताणली जायची, पलीकडनं कुनीतरी तेवढ्याच जोरानं दोर धरल्यावानी. शेवटाला जीवन कोसळला तवा बापानं त्याला खांद्यावर टाकून रस्त्यापर्यंत आणला. अँब्युलन्स आली. डाक्टरनं फोटो काढले, छातीत काही न्हाई म्हनाले. मग खोकल्यातनं रगत का येतंय, ते सांगंनात. खाटेवर पोरगं टाचा जुळवून पडलंय, डोळं उघडं. दोन नर्सांनी जोर लावला तरी मूठ उघडंना. पांघरुणावर पांघरुणं घातली, तरी अंगातली ऊब उतरतच चाललीय.

"आबा," कीर्ती त्याचा हात धरून बसली व्हती, रडत नव्हती. "जीवन रात्र काढेल ना?"

"काढंल," रामदास म्हनाला, अन् तिथनंच सरांना फोन लावला. त्याचं काय झालं ते सांगितलंच.

सरांची बिल्डिंग गावली. खालचं दार कुनीतरी बाहेर पडलं तवा उघडं मिळालं. जिना लाकडी. तिकडं जिन्यातला दिवा बटन दाबल्यावर लागतो अन् जरा येळानं आपला आपनच इझतो. रामदास बटन दाबत दाबत वरच्या मजल्यावर पोचला अन् दार बडवलं.

सर लुंगीवर, हातात चहाचा कप. "अरे! रामदासजी! जय भीम. एवढ्या थंडीत? या ना, आत या, चहा घ्या."

"चहा घ्यायला आलो न्हाई. पोरगं मरतंय माझं. तुमी पुकारलं, तुमीच सोडा."

"हे बघा, मी तुमचं दुःख समजू शकतो..."

"समजू नका. या माझ्यासंगट."

"एक मिनिट ऐका माझं. तो एक कार्यक्रम होता, सिम्बॉलिक. नावं वाचली, संपलं. मेलेली माणसं उभी राहत नाहीत."

दिवा इझला.

सरांनी दाराजवळची बत्ती लावली नव्हती वाटतं, कारन पार काळोख झाला. तेवढ्यात जिन्याखालनं वास आला. रामदासला त्यो आता पाठ झाला व्हता. अन् श्वास. एकाचा न्हाई. पार तळमजल्यापासनं वरपर्यंत मानसं दाबून श्वास घेत असावीत, खोकला येतोय पन हुकूम न्हाई म्हनून गिळत असावीत, तसा.

"कोण... कोण आहे खाली?" सर उंबऱ्यावरनं वाकले.

"बटन दाबा, सर."

सरांनी चाचपडत दाबलं. जिना मोकळा व्हता.

पन पायरी पायरीवर वलं उमटलं व्हतं. दोन दोन पावलं, टाचा जुळवलेल्या, बोटं वरच्या अंगाला, सरांच्या दाराकडं. खालच्या वळणापर्यंत एक पायरी सुटलेली नव्हती. अनवाणी पावलं व्हती काही, काही बुटाची. अन् सगळ्यात वरच्या पायरीवर, रामदासच्या शेजारी, जे पाऊल व्हतं, ते अजून वलं होत व्हतं. बघता बघता पानी पसरत व्हतं त्याच्या कडंनं.

सर मागं सरले. दार लावायला गेले. रामदासनं दारात पाय घातला. आता त्यो वरडला न्हाई.

"पळू नका, सर. कप खाली ठेवा. ताठ उभं ऱ्हावा, अन् त्यास्नी सुट्टी द्या. दिवा इझायच्या आत."