फळ्यावरचा मंगळवार

"अहो, ह्या फळ्यावर नाव यायला काय करावं लागतं?"

मी स्टुलावर उभी होते. हातात पिवळा खडू, केसांत खडूची भुकटी, आणि फळ्यावर 'बुधवार, सायंकाळी पाच' एवढंच लिहून झालेलं. मागे न वळता म्हटलं, "काहीतरी करून दाखवावं लागतं."

"आणि काय केलंच न्हाय तर?"

"तर खाली उभं राहून वाचावं लागतं."

खाली जे कोणी होतं ते इतक्या मोठ्यानं हसलं की मी दचकून वळले, आणि स्टूल डगमगलं. त्यानं हात पुढं केला नाही. नुसता स्टुलाच्या पायावर आपला पाय ठेवला, चपलेसकट, आणि स्टूल जागच्या जागी थांबलं. उंच, सावळा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. "लिवा तुम्ही," म्हणाला, "मी धरलंय."

मी लिहिलं. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच माझी ओळ वाकडी गेली.

त्र्याहत्तर सालची गोष्ट आहे. मी विद्यापीठात मराठी घेऊन एम. ए. करत होते. अक्षर बरं म्हणून सरांनी फळ्याचं काम माझ्या गळ्यात घातलं होतं. पुढच्या आठवड्यात काय काय आहे, व्याख्यानं, एकांकिका, कुस्त्यांचं मैदान, गाण्याची बैठक, ते सगळं दर शनिवारी दुपारी मी लिहायचं. विभागप्रमुखांच्या सहीची चिठ्ठी आली की ती ओळ फळ्यावर. छापील पत्रकं काढायची ऐपत कुणाची नव्हती. फळ्यावर आलं तर माणसं यायची, नाही आलं तर कार्यक्रम झाला काय नि न झाला काय, सारखंच. त्यामुळं मी स्वतःला जराशी मोठी समजत होते, खोटं कशाला बोलू?

तो आकाराम. चंदगडकडचा, वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. दुसऱ्या शनिवारी पुन्हा आला. तिसऱ्या शनिवारीही. चिठ्ठी नाही, काम नाही. यायचा, स्टूल धरायचा आणि मी लिहीन ते मोठ्यानं वाचायचा.

"ह्यातल्या कुठल्या कार्यक्रमाला जायचं?" एकदा त्यानं विचारलं.

"मी काय सांगू? मी सगळ्यांनाच जाते."

"मग मीबी सगळ्यांनाच येतो."

आणि आला की! हॉलमध्ये मुली डावीकडं, मुलं उजवीकडं, मधे वाट. मी डाव्या रांगेत कडेला बसायची, तो उजव्या रांगेत कडेला. मधली चार फुटांची वाट कधी कुणी ओलांडली नाही. पण सह्याद्रीच्या खडकांवरचं रटाळ व्याख्यान असो की एकांकिका, गंमत आली की मी तिकडं बघायची आणि तो आधीच इकडं बघत असायचा. सतारीच्या बैठकीला मात्र डाराडूर झोपला. शनिवारी मी त्यावरून पुरतं सोलून काढलं, तर म्हणतो कसा, "झोप लागली म्हंजे वाद्य चांगलं वाजत हुतं की!"

मला हसू आवरेना. हसता हसता लक्षात आलं की मी सोमवारपासूनच शनिवारची वाट बघायला लागते. ते लक्षात आल्यावर हसू आपोआप थांबलं. आमच्या शाहूपुरीतल्या घरात, शाळामास्तर असलेल्या आण्णांच्या पुढ्यात, हे कसं मांडायचं? तो शेतकऱ्याघरचा, आमच्यातला नाही. आणि त्यानं तरी कुठं काही म्हटलं होतं?

नोव्हेंबरात एकदा त्यानं खिशातून मूठ काढली आणि माझ्या खडूनं माखलेल्या तळव्यावर तांदूळ ओतले. "वास घ्या."

कच्च्या तांदळाला असा वास असतो हे मला माहीतच नव्हतं. दूध तापवताना येतो तसा काहीतरी.

"घनसाळ," तो म्हणाला. "आत्तीनं जपलंय बियाणं. आसली एकोणीस भातं हाईत तिच्याकडं, गाडग्यात, राखंत घालून ठेवलेली. आता सगळी जण दुकानातलं नवं बी आणत्यात. ही भातं गेली की गेली. सर म्हणत्यात, परीक्षा झाल्यावर ह्यावरच संशोधन कर, तीन वर्सं."

"मग करा की!"

त्यानं स्टुलाच्या पायाकडं बघितलं. "दादा न्हाय म्हणतो." दादा म्हणजे त्याचे वडील, हंबीरराव. "म्हणतो, भात काय असतं ते शिकायला कोल्हापूर कशाला? एकच अट घातलीया. मी आत्तीची भातं हितं मांडून दाखवायची, त्यावर बोलायचं. चार शानी माणसं आपणहून बघायला आली तर शीक म्होरं. न्हाय आली, तर परीक्षा झाली की गप घरी."

"चार? अहो, मी चाळीस आणते. फळा कुणाच्या हातात आहे?"

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो सहीची चिठ्ठी घेऊन आला. सोमवार, सकाळी अकरा, हॉल. "सोमवारच धरा हं," म्हणाला. का, ते मी विचारलं नाही. आणि लगेचची एस. टी. पकडून आत्तीला नि वडिलांना आणायला गावी गेला.

मी चिठ्ठी घेऊन स्टुलावर चढले. आदल्याच संध्याकाळी आईनं सांगितलं होतं, सोमवारी दुपारी तुला बघायला येणार आहेत. कापडाचं दुकान आहे त्यांचं, सोमवारी बंद असतं, म्हणून सोमवार. सकाळपासून घराबाहेर पडायचं नाही, तोंड उन्हानं काळवंडतं.

म्हणजे तो बोलणार, आणि मी घरी तोंडाला साय लावून बसणार!

मी हॉलची वही बघितली. मंगळवारी अकराला हॉल मोकळा होता. एक दिवस इकडं की तिकडं, काय बिघडतंय? सोमवारी तो येईल, भातं मांडून ठेवेल, तेवढ्यात निरोप पाठवू, लिहिताना चूक झाली म्हणून. वडील एक दिवस राहतील... आणि मी फळ्यावर लिहिलं, 'मंगळवार, सकाळी अकरा. चंदगडची एकोणीस भातं.' पांढऱ्या खडूनं, माझ्या उत्तम अक्षरात. ओळ जरासुद्धा वाकडी गेली नाही, याची मला आजही लाज वाटते.

सोमवारी सकाळी मात्र चैन पडेना. निरोप द्यायला कुणी मिळेना. शेवटी ग्रंथालयाचं पुस्तक परत करायचंय अशी थाप मारून निघाले. विद्यापीठात पोचायला साडेअकरा झाले.

हॉल उघडा होता. टेबलांवर एकोणीस पुरचुंड्या सोडून मांडलेल्या, प्रत्येकीपुढं नावाची चिठ्ठी. काळा जिरगा, घनसाळ, जोंधळा जिरगा... आणि सगळ्या खुर्च्या रिकाम्या. पहिल्या रांगेत एक म्हातारी हिरव्या लुगड्यात, पायाशी वेताची बुट्टी घेऊन बसली होती. दाराशी पटका बांधलेले हंबीरराव उभे होते.

"कुठं हाईत तुजी शानी माणसं?" ते आत बघून म्हणत होते. "का त्यांस्नीबी ठावं हाय भात काय असतं ते?"

आकाराम बाहेर आला. माझ्या शेजारून फळ्याकडं गेला. मीही मागोमाग गेले. त्यानं ओळ वाचली, पुन्हा वाचली.

"अक्षर तुमचं हाय," तो म्हणाला.

"हो."

"चिठ्ठीत सोमवार हुता."

"हो... होता."

"मग?"

मागं हंबीरराव येऊन उभे राहिले होते, आत्तीही. हंबीररावांनी फळा वाचला आणि ते भडकले. "मंगळवार? अवो बाई, आमच्यात सोमवारी बैल जुपत न्हाईत. म्हादेवाचा वार. म्हणून आज आलो, रातचं निघून. उद्या मळणी हाय, बैल फिरवायला मी पायजे. हे सांगितलं न्हवतं का ह्यानं?"

सोमवारच का, ते आत्ता कळलं. मला बैलांचा वार माहीत नव्हता, आणि तो त्याच्या इतका अंगवळणी की सांगायचा असतो हेच त्याला सुचलं नव्हतं. चूक झाली म्हणून सांगायचं मी घरून ठरवून आले होते. पण तेवढ्यात हंबीरराव लेकाकडं वळून म्हणाले, "तुलाच एक वार धड सांगता येत न्हाई, तू काय संशोधन करतोस!" आणि आकाराम मान खाली घालून ऐकत राहिला. माझ्याकडं बोट दाखवलं नाही त्यानं. ते काही मला सोसवलं नाही.

"त्यांनी बरोबर दिला होता वार," मी म्हटलं. "मी बदलला. मुद्दाम."

"मुद्दाम?"

"आज दुपारी मला बघायला येणार आहेत. आज मला इथं बसता आलं नसतं. आणि मला... यांचं बोलणं ऐकायचं होतं. पहिल्या रांगेत बसून. म्हणून बदलला. माझं चुकलं. यांचं काही नाही चुकलेलं."

मग आत्तीनं, धोंडुबाईनं, पदर सावरत मला खालीवर न्याहाळलं. "भातं बघायसाठी एवढं केलंस व्हय पोरी?"

"नाही," मी म्हटलं. आता लपवायचं तरी काय राहिलं होतं? "भातांसाठी नाही."

आकारामनं मान वर केली. चार महिने स्टूल धरताना त्यानं माझ्याकडं पुष्कळदा बघितलं होतं, पण असं कधी बघितलं नव्हतं. माझे कान तापले.

"आयला," हंबीरराव पुटपुटले. रागावावं की काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. "मला दोनची एस. टी. गाठायलाच पायजे. मळणी काय थांबत न्हाय कुणासाठी."

"मग जा तू," आत्ती म्हणाली. "बैल तुझं हाईत, भातं माझी हाईत. मी ऱ्हाते. उद्या किती माणसं आली ते मी मोजून सांगीन. का माझ्यावर इस्वास न्हाई?"

थोरल्या बहिणीपुढं हंबीररावांचं काय चालणार? "ऱ्हाशील कुठं?" एवढंच म्हणाले.

"आमच्या घरी," मी म्हटलं.

बसथांब्यापर्यंत आकाराम आत्तीची बुट्टी घेऊन आला. आत्ती जाणूनबुजून दहा पावलं पुढं चालत होती.

"ते... आज येणारच हाईत?" त्यानं विचारलं.

"येतील की."

"आणि तुम्ही?"

"मी पोहे देईन. देऊ नको?"

"द्या की. पोह्यांचं काय न्हाय." बस आली. त्यानं बुट्टी वर चढवली आणि घाईघाईनं म्हणाला, "उद्या येणार न्हवं?"

"फळ्यावर काय लिहिलंय?"

"मंगळवार."

"मग झालं तर. मी लिहिलेलं खोटं होऊ देत नाही."

दुपारी चार वाजता आमच्या बैठकीच्या खोलीत एका बाजूला कापडवाले, दुसऱ्या बाजूला धोंडुबाई. 'कोण ते मग सांगते' एवढंच म्हणून मी तिला घरात आणलं होतं. मुलाच्या आईनं विचारलं, लग्नानंतर शिकणं सोडशील ना? मी काही म्हणायच्या आत धोंडुबाई म्हणाली, "कशापायी सोडंल? किती झ्याक लिवती पोरगी!" आईच्या हातातली ताटली वाजली. मंडळी लवकरच उठली.

आण्णा सगळ्यांना पोचवून आत आले. खुर्चीत बसले, चष्मा पुसला. तीस वर्षं त्यांनी वर्गात असाच चष्मा पुसून मुलांना खरं बोलायला लावलं होतं.

"ह्या बाई कोण, ते आता सांग," म्हणाले.

मी सांगितलं. फळा, स्टूल, बदललेला वार, सगळं. तो आमच्यातला नाही, तेही. आई दाराआड डोळे पुसत होती. आण्णांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"वार बदललास ते वाईट केलंस," म्हणाले. "त्या मुलाचं शिक्षण गेलं असतं."

"हो आण्णा."

"आज त्यांनी तुला बघितलं. उद्या मी त्याला बघतो. अकराला ना?"

मंगळवारी अकराला हॉल भरला. फळा वाचून आलेली मुलं, शेतीच्या गप्पा ऐकायला आलेले माळी, मेसचे आचारी, दोन विभागांचे प्रमुख. धोंडुबाई पहिल्या रांगेत बोटांवर माणसं मोजत होती. वीस झाल्यावर तिनं मोजणं सोडलं आणि पुरचुंड्यांपाशी जाऊन स्वतःच सगळ्यांना सांगायला लागली, कुठलं भात पाण्यात तग धरतं, कुठलं बाळंतिणीला द्यायचं. आकारामनं पुस्तकी मराठीत सुरुवात केली, अडखळला, थांबला. मग म्हणाला, "ही भातं माझ्या आत्तीची हाईत," आणि पुढं तासभर कुठंच अडला नाही. आण्णा उजवीकडं पहिल्या खुर्चीत बसले होते. मधेच त्यांनी खिशातून कागद काढून काहीतरी टिपून घेतलं. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

गर्दी पांगल्यावर आण्णा त्याच्याजवळ गेले. मीही मागं जाऊन उभी राहिले.

"बोललात छान," आण्णा म्हणाले. "पुढं काय करायचं ठरवलंय?"

"शिकायचं. आत्ती सांगंल आता दादाला." तो थांबला. "आणि... विमलला एक विचारायचं हाय."

"मग विचारा की. ही काय, इथं उभी आहे."

शंभर माणसांपुढं तासभर बोललेला तो गडी माझ्याकडं वळला. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. कानांपर्यंत लाल झाला. शब्द म्हणून फुटेना. आण्णा वाट बघताहेत, धोंडुबाई बुट्टीत पुरचुंड्या भरायची थांबलीय, आणि हा आपला नुसता उभा.

असं किती वेळ उभं राहायचं माणसानं?

"हो," मी म्हटलं.